जलबाणांची उंची-स्पर्धा : नियम व त्यांमागील कारणे

(आष्टी तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांसाठी दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



२३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळील प्रदेशात उतरले आणि तो दिवस आता राष्ट्रीय अंतराळ दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवसाची वार्ता ज्या शाळेत पोहोचली, त्या शाळेतील मुलांच्या मनात अग्निबाण करून उडविण्याची इच्छा उत्पन्न होणे स्वाभाविक आहे. ही इच्छा शिक्षकाने दडपून टाकणे इष्ट नाही. तशीच ती मोकाट सोडून देणेही इष्ट नाही. दडपली तर जिज्ञासा मरते. मोकाट सोडली तर एखाद्या मुलाचा हात भाजतो किंवा डोळा जातो. या दोहोंमधील मार्ग म्हणजे नियमांनी बांधलेली स्पर्धा. आष्टी तालुक्यातील शाळांनी मिळून अशी एखादी उंची-स्पर्धा भरवावयाची झाल्यास तिचे नियम कोणते असावेत व ते तसेच का असावेत, याचा विचार या व्याख्यानात करावयाचा आहे.

बाण ही वस्तू या मुलखाला नवी नाही. आष्टीच्या आग्नेयेस, शेजारच्या अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील जामखेड तालुक्यात खर्डा हे गाव आहे. तेथे मार्च १७९५ मध्ये मराठे व निजाम यांची प्रसिद्ध लढाई झाली. त्या लढाईत नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजेने निजामाच्या घोडदळावर बाणांचा मारा केला होता. दारू भरलेली नळी, तिला बांधलेला बांबू आणि मागे लावलेली बत्ती, असे त्या बाणाचे साधे रूप होते. म्हैसूरच्या हैदरअली व टिपू यांच्या बाणांना लोखंडी नळी असे. ते बाण पाहून इंग्रजांनी आपल्या देशात तशा बाणांचे प्रयोग आरंभिले. रणांगणावर बाणाचे काम शत्रूची फळी विस्कटून टाकणे, त्याचे घोडे बुजविणे हे होते. बाण नेमका किती उंच गेला हे मोजण्याचे तेथे कोणाला प्रयोजन नव्हते.

बाण जेव्हा विज्ञानाच्या कामी येऊ लागला, तेव्हा मोजमाप हेच त्याचे प्रयोजन झाले. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातील थुंबा येथून भारतभूमीवरील पहिला संशोधक अग्निबाण उडाला. तो अमेरिकेत तयार झालेला होता आणि त्यातून आकाशात सोडियमची वाफ सोडण्यात आली. अशा चमकणाऱ्या ढगाची जमिनीवरील निरनिराळ्या ठिकाणांहून एकाच वेळी छायाचित्रे घ्यावयाची आणि त्यांवरून वरच्या थरांतील वाऱ्याचा वेग व दिशा काढावयाची, अशी ती रीत आहे. पुढे त्याच केंद्रात डॉ. वसंत गोवारीकर यांच्यासारख्या मराठी शास्त्रज्ञाने घन इंधनावर मोठे कार्य केले आणि १९७९ ते १९८५ या काळात त्यांनी विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालकपदही भूषविले. एका वस्तूकडे दोन ठिकाणांहून पाहिले म्हणजे तिचे स्थान निश्चित होते, हे थुंब्याच्या प्रयोगातील तत्त्व आष्टीच्या माळावरही तितकेच खरे आहे. त्याचा उपयोग पुढे करावयाचा आहे.

पहिला नियम : आग नको

४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाने स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडला आणि त्यानंतर अमेरिकेतील असंख्य मुले घरीच दारू कालवून अग्निबाण करू लागली. त्यात अनेकांना इजा झाल्या. त्याच वर्षी हॅरी स्टाइन या अग्निबाण-अभियंत्याने या अपघातांकडे लोकांचे लक्ष वेधले. ऑर्व्हिल कार्लाइल या जोडे विकणाऱ्या गृहस्थाने त्यापूर्वीच कागदी नळीचा, तयार इंधनकांडीवर चालणारा छोटा अग्निबाण बनविला होता. या दोघांच्या प्रयत्नांतून हौशी अग्निबाणांची संघटित चळवळ उभी राहिली. तिच्या सुरक्षा-नियमांचा पाया असा की, इंधन कोणीही स्वतः कालवू नये, ते कारखान्यातच तयार व्हावे. म्हणजे या छंदाच्या नियमावलीचा जन्मच जखमी मुलांच्या अनुभवातून झाला आहे.

आपल्याकडे खेड्यातील मुलाला अशी तयार इंधनकांडी सहज मिळत नाही. मिळतात त्या आगपेटीतील काड्या आणि दिवाळीतील फटाके. काड्यांचे गूल खरवडून किंवा फटाक्यांतील दारू काढून ती नळीत ठासणे हा प्रकार अत्यंत धोक्याचा आहे. ठासताना होणाऱ्या घर्षणानेही ती पेट घेते. शिवाय परवान्यावाचून स्फोटक पदार्थ तयार करणे १८८४ च्या स्फोटक पदार्थ अधिनियमान्वये गुन्हा ठरते. म्हणून शालेय स्पर्धेचा पहिला नियम असा असावा : कोणत्याही प्रकारचे ज्वालाग्राही वा स्फोटक द्रव्य वापरणारा संघ तत्काळ बाद होईल. हा नियम स्पर्धेच्या दिवशी सांगावयाचा नसून, स्पर्धा जाहीर करताना पहिल्याच वाक्यात सांगावयाचा आहे. कारण धोका मैदानावर नसतो. तो घराच्या पाठीमागे, कोणी पाहत नसताना, तयारीच्या दिवसांत असतो.

जलबाण कसा चालतो

आगीवाचून बाण उडतो काय? उडतो. शीतपेयाची रिकामी प्लॅस्टिकची बाटली घ्यावी, तिचा काही भाग पाण्याने भरावा, ती उलटी बसवून सायकलच्या पंपाने तिच्यात हवा कोंडावी आणि तोंड एकाएकी मोकळे करावे. कोंडलेली हवा पाण्याला खाली जोराने ढकलते आणि त्याच्या प्रतिक्रियेने बाटली वर जाते. न्यूटनच्या गतिविषयक तिसऱ्या नियमाचे याहून स्वस्त उदाहरण सापडणार नाही. पाणी अगदी थोडे असेल तर ढकलण्यास वस्तुमान अपुरे पडते. फार असेल तर हवेला जागा उरत नाही व बाटली जड होते. एकचतुर्थांश ते एकतृतीयांश पाणी भरले असता बाटली साधारणपणे सर्वांत उंच जाते. परंतु हे उत्तर मुलांना आधी सांगू नये, त्यांना ते शोधू द्यावे.

काय बांधावे, काय मोकळे सोडावे

नियम करणाऱ्याने प्रथम स्वतःला एक प्रश्न विचारावा : या स्पर्धेत कशाची परीक्षा घ्यावयाची आहे? बापाच्या खिशाची की मुलाच्या बुद्धीची? ज्या गोष्टी पैशाने वाढतात त्या सर्वांसाठी सारख्या बांधून टाकाव्यात आणि ज्या गोष्टी विचाराने सुधारतात त्या मोकळ्या सोडाव्यात. नियमांची सर्व रचना या एका कसोटीवर तपासावी.

त्याप्रमाणे बाटली सर्वांची एकाच मापाची, दोन लिटरची, असावी. ती फसफसणाऱ्या शीतपेयाचीच असावी, कारण साध्या पाण्याची बाटली पातळ असून दाबाने फुटते. चरे पडलेली, चेपलेली वा उन्हाने कडक झालेली बाटली तपासणीत नाकारावी. पंप, त्यावरील दाबदर्शक आणि उड्डाणाचा तळ ही तिन्ही साधने संयोजकांनी पुरवावीत. रबरी बूच घट्ट बसवून हवा भरण्याची घरगुती रीत स्पर्धेस योग्य नाही. बूच जेवढे घट्ट, तेवढा दाब अधिक होतो आणि कोणाचे बूच किती घट्ट बसले याचा हिशेब कोणालाच देता येत नाही. म्हणून दोरी ओढताच बाटली मोकळी करणारा, कडीचा एकच तळ तालुक्यातील एखाद्या कारागिराकडून करवून घ्यावा आणि प्रत्येक वेळी दाब दर चौरस इंचास ५० पौंड एवढाच ठेवावा. तो वाढविण्याची मुभा कोणालाही देऊ नये.

पाण्याचे प्रमाण, पंखांची संख्या व आकार, नाकाची घडण आणि वजनाची विभागणी या चार गोष्टी मात्र संघाच्या इच्छेवर सोडाव्यात. पुठ्ठा, जुन्या वह्यांची वेष्टने, चिकटपट्टी आणि स्पंज एवढ्या साहित्यात उत्तम बाण होतो. नाक बोथट व मऊ असावे. त्यात खडा, खिळा किंवा धातूचा तुकडा आढळल्यास बाण उडवू देऊ नये.

मैदान, ऋतू आणि पाणी

पुढे सांगितलेल्या मोजणीसाठी शंभर मीटर लांबीची सपाट, मोकळी जागा लागते. तिच्यावरून वा जवळून विजेच्या तारा जाता कामा नयेत. अंतराळ दिन पावसाळ्यात येतो, तेव्हा शेतात पिके असतात आणि मैदानात चिखल. म्हणून २८ फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिन अधिक सोयीचा आहे. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२८ साली लावलेल्या शोधाचे ते स्मरण होय. उड्डाणे सकाळी लवकर करावीत, कारण तेव्हा वारा बहुधा शांत असतो.

आष्टी हा अवर्षणप्रवण तालुका आहे. तेथे पाण्याचा खेळ मांडताना संयोजकांस पाण्याचा हिशेब देता आला पाहिजे. वीस संघ, प्रत्येकाची दोन उड्डाणे, एका उड्डाणास सुमारे ६०० मिलिलिटर पाणी, म्हणजे सारे मिळून २४ लिटर, ढोबळमानाने दोन घागरी पाणी होते. ते पिण्याचे पाणी नसावे, गाळून घेतलेले वापराचे पाणी चालते. हा गुणाकार मुलांकडूनच करवून घ्यावा आणि उत्तर फलकावर लिहून ठेवावे.

मोजणी

बाण वर गेला की सर्व मुले ओरडतात आणि प्रत्येकाला आपल्याच शाळेचा बाण सर्वांत उंच गेल्याचे दिसते. डोळ्यांच्या अंदाजावर निकाल दिला की भांडण ठरलेले. म्हणून उंचीची स्पर्धा ही वस्तुतः मोजणीची स्पर्धा आहे, हे शिक्षकाने मनाशी पक्के धरावे.

साधन सोपे आहे. कोनमापकाच्या सरळ कडेला कागदाची नळी चिकटवावी आणि मध्यबिंदूतून दोऱ्याने लहानसा ओळंबा सोडावा. नळीतून बाणाकडे पाहत राहावे आणि बाण शिखरावर पोहोचताच दोरा बोटाने कोनमापकावर दाबून धरावा. दोरा ज्या अंशावर असेल त्याचे नव्वदापासूनचे अंतर म्हणजे उंचीचा कोन. बाण शिखरावर पोहोचण्यास दोन-अडीच सेकंदच लागतात. म्हणून मापक मुलांनी चेंडू उंच फेकून आठवडाभर सराव करावा. प्रत्येक साधन शाळेच्या ध्वजस्तंभावर तपासून घ्यावे, कारण स्तंभाची उंची दोरीने मोजून ताडता येते.

एकाच मापकावर विसंबू नये, आणि याचे कारण वारा आहे. मापक तळापासून ५० मीटरवर उभा आहे व बाण ३० मीटर उंच गेला आहे असे समजू. वाऱ्याने बाण १० मीटर मापकाकडे सरकला, तर मापकाचा कोन वाढतो आणि हिशेबात उंची साडेसदतीस मीटर निघते. तोच बाण मापकापासून दूर सरकला, तर ती २५ मीटरच निघते. बाण तोच, उंची तीच, परंतु वाऱ्याची दिशा बदलताच एक शाळा जिंकते व दुसरी हरते. याला न्याय म्हणता येणार नाही.

उपाय थुंब्याच्या रीतीतला आहे. वारा ज्या दिशेने वाहत असेल त्या रेषेवर, तळाच्या दोन्ही बाजूंस पन्नास-पन्नास मीटरवर दोन मापन-ठाणी ठेवावीत. मग आलेखकागदावर एक सेंटिमीटर म्हणजे पाच मीटर या प्रमाणाने २० सेंटिमीटरची रेषा काढावी. तिच्या एका टोकाशी पहिल्या ठाण्याचा कोन आणि दुसऱ्या टोकाशी दुसऱ्या ठाण्याचा कोन काढावा. दोन्ही तिरप्या रेषा जेथे मिळतात, तेथे बाणाचे शिखर. वरील उदाहरणात कोन अनुक्रमे ३७ व साडेसव्वीस अंश येतात, रेषा ६ सेंटिमीटर उंचीवर मिळतात आणि उंची बरोबर ३० मीटर ठरते. बाण मध्यापासून किती सरकला हेही त्याच आकृतीत दिसते. त्रिकोणमितीचे कोष्टक न शिकलेला सातवीचा विद्यार्थी हे काम पट्टी व पेन्सिल घेऊन करू शकतो. मापकाच्या डोळ्यांची जमिनीपासूनची उंची शेवटी सर्वांच्या अंकांत सारखीच मिळवावी.

मापनाची सुद्धा परीक्षा हवी. प्रत्येक ठाण्यावर दोन मुले असावीत आणि त्यांनी एकमेकांस न विचारता कोन लिहावेत. दोन कोनांत चार अंशांपेक्षा अधिक फरक पडल्यास ते उड्डाण मोजू नये आणि संघाला पुन्हा संधी द्यावी. मोठ्या स्पर्धांतही ही दक्षता घेतली जाते. दोन थिओडोलाइटांवरून काढलेल्या उंचींचा मेळ ठरलेल्या मर्यादेत, बहुधा दहा टक्क्यांत, बसला नाही तर ते उड्डाण धरीत नाहीत. मापक मुले उडणाऱ्या संघाच्या शाळेची कदापि नसावीत.

निकाल

३० मीटरच्या सुमारास दोन्ही ठाण्यांच्या मोजणीत एकेका अंशाची चूक झाली, तर उंचीत सुमारे सव्वा मीटरचा फरक पडतो. मुलांच्या हातातील साधनात एका अंशाची चूक होणारच. मग तीस मीटर व साडेतीस मीटर यांत पहिला-दुसरा ठरविणे म्हणजे साधनाला न दिसलेला फरक माणसाने पाहिल्याचे सोंग करणे होय. यास्तव दोन मीटरांहून कमी अंतर असलेल्या संघांस सम-क्रमांक द्यावा. आपले ज्ञान कोठवर पोहोचते व कोठे थांबते हे प्रामाणिकपणे सांगणे, हा विज्ञानाचा मोठा धडा या एका नियमातून मुलांना मिळतो.

प्रत्येक संघास दोन उड्डाणे द्यावीत आणि दोहोंची सरासरी धरावी. केवळ उत्तम उड्डाण धरले तर योगायोगाला बक्षीस मिळते. सरासरी धरली तर उतरताना न मोडणारा, भरवशाचा बाण करण्याकडे मुलांचे लक्ष लागते. तळ अडकला, दाब गळला किंवा मापकांचा मेळ बसला नाही, तर तो दोष संघाचा नव्हे, म्हणून उड्डाण पुन्हा द्यावे. पंख गळून पडले किंवा बाण आडवा गेला, तर तो दोष संघाचा, म्हणून जी उंची मिळेल ती धरावी. हा भेद आधी लिहून ठेवला नाही तर ऐनवेळी तो तोंड पाहून केल्याचा संशय येतो.

आणखी एक बक्षीस ठेवावे. उड्डाणापूर्वी प्रत्येक संघाने आपल्या बाणाच्या उंचीचे भाकीत चिठ्ठीवर लिहून द्यावे. ज्याचे भाकीत मोजलेल्या उंचीच्या सर्वांत जवळ येईल त्याचा गौरव व्हावा. ज्या एकशिक्षकी शाळेचा बाण वीस मीटरच गेला, तिनेही घरी दहा वेळा उडवून, मोजून, वहीत मांडून आपला बाण नीट ओळखला असेल, तर हा मान तिला मिळू शकतो.

सुरक्षितता

दाब भरल्यानंतर बाटलीजवळ कोणीही जाऊ नये, मग उड्डाण फसले तरी. प्रथम दूरवरून हवा सोडावी, मगच जवळ जावे. पंप व तळ यांच्यामध्ये किमान पाच मीटर नळी असावी. पंप मारणारा प्रौढ शिक्षकच असावा व त्याच्या डोळ्यांना चष्म्याचे संरक्षण असावे. प्रेक्षक दोरीच्या कडेमागे, तळापासून तीस मीटर दूर उभे राहावेत. उलटमोजणी मोठ्याने व्हावी. वाऱ्याने झेंडी सरळ फडकू लागली की उड्डाणे थांबवावीत. पडणारा बाण झेलण्यास कोणीही धावू नये.

हे सर्व नियम एका कागदावर लिहून स्पर्धेपूर्वी सहा आठवडे प्रत्येक शाळेच्या फलकावर लावावेत आणि ते मुलांकडून मोठ्याने वाचवून घ्यावेत. एखाद्या नियमाविषयी मुलाने 'असे का?' म्हणून विचारले, तर त्याला कारण सांगता आले पाहिजे. ज्या नियमाचे कारण शिक्षकाला सांगता येत नाही, तो नियम काढून टाकावा. स्पर्धा सुरू झाल्यावर मात्र एकही नियम बदलू नये. तक्रार आल्यास तीन शिक्षकांच्या समितीने ती तेथल्या तेथे ऐकावी आणि निर्णय कारणांसह नोंदवहीत लिहावा.

स्पर्धेनंतर प्रत्येक उड्डाणाची आकृती, कोन, पाण्याचे प्रमाण व उंची असलेली ती नोंदवही पंचायत समितीच्या शिक्षण विभागाकडे न धाडता तिच्या नकला प्रत्येक शाळेस द्याव्यात. हरलेल्या शाळेतील मुलांना जिंकलेल्या बाणात किती पाणी होते हे त्या वहीत दिसेल, आणि पुढील वर्षाची तयारी त्या पानापासून सुरू होईल.